हजेरी कोणी कोणाकडे द्यायची?



आज आपल्याला चेन्नईला जायचंय, पण वाट थोडी मदुराईवरून काढूया.

३ एप्रिल १९२०. मदुराई जिल्ह्यातलं पेरुंगामनल्लूर गाव. पोलीस आले होते ते लोकांची नावं नोंदवायला आणि बोटांचे ठसे घ्यायला. पिरमलै कळ्ळर समाजाच्या लोकांनी नकार दिला. गोळीबार झाला आणि एका स्त्रीसह डझनभराहून अधिक माणसं मारली गेली. पोलिसांच्या वहीत आपलं नाव चढू नये, एवढ्यासाठी माणसं जिवावर उदार झाली होती.

ही वही होती गुन्हेगार जमाती कायद्याची. १८७१ साली तो आला उत्तर हिंदुस्थानात आणि १९११च्या नव्या कायद्याने मद्रास इलाख्यातही पोचला. तमिळ माणसं त्याला हातावरच्या रेषांचा कायदा म्हणत. आपल्याकडेही तो होताच. सोलापूरची तारेच्या कुंपणातली सेटलमेंट आठवा. जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या माणसाने पोलिसांपुढे जाऊन हजेरी द्यायची, गाव सोडायचं तर परवानगी घ्यायची. मद्रासने हा कायदा १९४७ साली रद्द केला आणि ३१ ऑगस्ट १९५२ला तो देशभरातून गेला. पण ठाण्यातल्या वहीची धास्ती लोकांच्या मनातून गेली नाही.

आता साठ वर्षं पुढे येऊ. डिसेंबर २००७मध्ये आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह आणि कल्याणाचा कायदा झाला. त्याची चर्चा होते ती मुलांनी आईवडिलांना पोटगी देण्यावरून. पण केंद्राने राज्यांना जे नमुना नियम दिले, त्यांत पोलिसांसाठी एक वेगळंच काम सांगितलंय. प्रत्येक पोलीस ठाण्याने आपल्या हद्दीतल्या ज्येष्ठांची, विशेषतः एकट्या राहणाऱ्यांची, अद्ययावत यादी ठेवायची. ठाण्यातल्या माणसाने, शक्यतो एखाद्या सामाजिक कार्यकर्त्याला बरोबर घेऊन, महिन्यातून निदान एकदा त्यांच्या घरी जायचं. मदतीची हाक आली, तर लवकरात लवकर पोचायचं. तमिळनाडूचे नियम २००९ साली आले, महाराष्ट्राचे २०१०मध्ये.

गंमत पाहा. वही तीच, ठाणं तेच, पण हजेरी उलटी झाली! पूर्वी वहीतला माणूस ठाण्यात जायचा, आता ठाण्याने त्याच्या दारी जायचंय.

हे का महत्त्वाचं, ते चेन्नईने डिसेंबर २०१५मध्ये अनुभवलं. १ तारखेला शहरावर आभाळ फाटलं. चेंबरंबाक्कम तलावातून २९ हजार क्युसेक पाणी सोडलं गेलं. रात्रीतून अड्यार नदी सैदापेट, कोट्टूरपुरमच्या घरांत शिरली. वीज गेली, मग मोबाइल गेले. पुढच्या दिवसांत लष्कर आलं, कोळी बांधव आपल्या होड्या घेऊन रस्त्यांवर उतरले. पण होडी गल्लीत आली, तरी थांबायचं कुठल्या दारापाशी? जो ओरडू शकतो त्याच्या खिडकीखाली ती थांबणारच. जो अंथरुणावर आहे, ज्याला ऐकू येत नाही, त्याचं काय?

इथे हेल्पलाइन आणि यादी यांतला फरक कळतो. हेल्पलाइन हवीच, पण तिला हाक कोणीतरी मारावी लागते. हातात फोन हवा, फोनला चार्जिंग हवं, बोलायला शुद्ध हवी. यादी मात्र हाकेची वाट पाहत नाही. ती संकटाच्या आधीच तयार असते.

चेन्नई पोलिसांनी पुढे या दिशेने काही पावलं टाकली. एप्रिल २०२१मध्ये ‘कावल करंगळ’ म्हणजे रक्षण करणारे हात, हा उपक्रम सुरू झाला. स्वयंसेवी संस्थांच्या मदतीने रस्त्यावरच्या निराधार, मनोरुग्ण माणसांना उचलून निवाऱ्यात न्यायचं आणि जमलं तर त्यांच्या घरी पोचवायचं. नंतर ज्येष्ठांसाठी ‘बंदम’ आलं. बंदम म्हणजे नातं, आपल्या ‘बंध’चाच भाऊ.

इंग्लंडमध्ये हेच काम एका साध्या फॉर्मने होतं. जॉर्ज हर्बर्ट नावाचा एक जुना सैनिक, दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीला लढलेला. म्हातारपणी स्मृतिभ्रंश झाला. लहानपणीचं घर शोधायला तो बाहेर पडला आणि त्यातच गेला. त्याच्या नावाने ‘हर्बर्ट प्रोटोकॉल’ आला. माणूस हरवण्याआधीच घरच्यांनी त्याचा फोटो, जुने पत्ते, नेहमीच्या जागा लिहून ठेवायच्या. हरवला की पोलिसांच्या हाती तो कागद लगेच द्यायचा.

आता तुम्ही म्हणाल, एकट्या म्हाताऱ्यांची यादी चोराच्या हाती लागली तर? शंका रास्त आहे. पेरुंगामनल्लूरने शिकवलंय, की वही कोणाच्या हातात आहे आणि कशासाठी आहे, यावर सगळं ठरतं. म्हणून नाव देणं हे माणसाच्या मर्जीने व्हावं, वही कुलपात राहावी आणि नोंद वेळोवेळी तपासावी. जिथे महिन्याची भेट होत नाही, तिथे ती यादी म्हणजे नुसता कागद. वर्षापूर्वी वारलेल्या आजोबांचं नाव त्यात असतं आणि परवा एकट्या पडलेल्या आजींचं नसतं.

तेव्हा एक काम करा. तुमचे आईवडील चेन्नईत असोत, पुण्यात असोत की साताऱ्यात, जवळच्या ठाण्यात चौकशी करा. नाव नोंदवताना नुसतं वय लिहू नका. कितव्या मजल्यावर राहतात, जिना उतरता येतो का, ऐकू येतं का, कुठली औषधं चुकवून चालत नाहीत, किल्ली कोणाकडे असते, हे लिहा. आणि भाषा लिहाच. स्मृतिभ्रंशात मागाहून शिकलेली भाषा बरेचदा आधी विसरते. चेन्नईत चाळीस वर्षं काढलेल्या मराठी आजीला तमिळमध्ये विचारलेलं कळलं नाही, तर दाराशी आलेला हवालदार म्हणेल, ही बोलतच नाही. ‘फक्त मराठी कळतं’, एवढे तीन शब्द त्या वहीत असले, तर तो मराठी येणारा कोणीतरी शोधेल.

शंभर वर्षांपूर्वी माणसं त्या वहीपासून पळत होती. आज त्याच वहीत आपण आपल्या माणसाचं नाव लिहायला सांगतोय. तो विश्वास टिकवायचा, तर पोलिसांनी दर महिन्याला त्याच्या दारी हजेरी लावायला हवी. आणि ती लागते की नाही, हे आपण विचारत राहायला हवं.