मालिका बघून माणसं खरंच बदलतात का? शिलाई मशीनपासून 'हम लोग'पर्यंतची गोष्ट

"एवढं काय मनावर घ्यायचं, मालिका तर आहे!" हे वाक्य बहुतेक घरांत कधी ना कधी ऐकू येतं. मालिका, सिनेमे आणि वेब सीरिज बघून माणसं बिघडतात असं म्हणणारे एका बाजूला, तर प्रेक्षक काही खुळा नाही असं म्हणणारे दुसऱ्या बाजूला. सोशल मीडियावर एखादा वादग्रस्त ट्रेलर आला की हे भांडण नव्याने सुरू होतं.

पण या प्रश्नावर नुसती मतं मांडण्याची गरज नाही. गेल्या पन्नासेक वर्षांत वेगवेगळ्या देशांतल्या संशोधकांनी मालिकांचा परिणाम मोजून बघितला आहे. मेक्सिकोत आणि नंतर भारतात तर लोकांचं वागणं बदलावं म्हणून ठरवून मालिका काढण्यात आल्या. त्यातून काय हाती लागलं?

सुरुवात झाली एका शिलाई मशीनपासून

१९६९ मध्ये पेरू देशात 'सिम्प्लेमेन्ते मारिया' नावाची मालिका सुरू झाली. मारिया ही खेड्यातून शहरात आलेली मोलकरीण. ती लिहायला-वाचायला शिकते, शिवणकाम शिकते आणि पुढे मोठी फॅशन डिझायनर होते.

ही मालिका काढणाऱ्यांना समाजसुधारणा वगैरे काही करायची नव्हती. पण ती जिथे जिथे दाखवली गेली, तिथे शिलाई मशीनची विक्री वाढली. घरकाम करणाऱ्या मुली शिवणाच्या आणि साक्षरतेच्या वर्गांना जाऊ लागल्या. मारियाच्या लग्नाचं चित्रीकरण लिमा शहरातल्या एका चर्चमध्ये झालं, तेव्हा हजारो लोक खऱ्या लग्नाला यावं तसे नटूनथटून, भेटवस्तू घेऊन हजर झाले.

मेक्सिकोच्या 'तेलेविसा' या वाहिनीसमूहात काम करणाऱ्या मिगेल साबिडो यांनी हे बघितलं. त्यांच्यापुढचा प्रश्न सोपा होता. जे चुकून घडलं, ते ठरवून घडवता येईल का?

साबिडोंचा फॉर्म्युला

साबिडो यांनी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँड्युरा यांच्या विचारांचा आधार घेतला. माणूस दुसऱ्याचं वागणं आणि त्या वागण्याचे परिणाम बघूनही शिकतो, हे बँड्युरा यांचं मुख्य म्हणणं होतं.

त्यावरून साबिडो यांनी मालिकेत तीन प्रकारची पात्रं बसवली. पहिलं चांगलं वागणारं आणि त्याचं फळ मिळवणारं. दुसरं चुकीचं वागणारं आणि त्याची किंमत मोजणारं. तिसरं या दोघांच्या मधलं. हे तिसरं पात्र आपल्यासारखंच असतं. ते अडखळतं, घाबरतं, चुकतं आणि हळूहळू बदलतं. प्रेक्षक सगळ्यात जास्त त्याच्यात गुंततो, कारण त्याचा बदल आपल्यालाही जमेल असा वाटतो.

१९७५ मध्ये आलेल्या 'वेन कॉनमिगो' या मालिकेत एक प्रौढ साक्षरता वर्ग दाखवला होता. एका भागात अभ्यासाची मोफत पुस्तकं कुठे मिळतात हे सांगितलं गेलं. दुसऱ्या दिवशी मेक्सिको सिटीतल्या त्या केंद्रावर सुमारे २५ हजार लोक आले आणि रस्ते तुंबले. मालिका सुरू असताना सुमारे ८ लाख ४० हजार लोकांनी साक्षरता वर्गांत नाव नोंदवलं. आदल्या वर्षाच्या तुलनेत हे प्रमाण जवळपास नऊ पट होतं. त्यानंतर १९७७ मध्ये साबिडो यांनी कुटुंब नियोजनावर मालिका काढली. त्या काळात मेक्सिकोत गर्भनिरोधकांची विक्री आणि कुटुंब नियोजन केंद्रांत येणाऱ्या महिलांची संख्या, दोन्ही वाढल्याचं नोंदवलं गेलं.

मेक्सिकोतून 'हम लोग'

भारतात ही कल्पना आली ती एका मराठी मंत्र्यामुळे. विदर्भातून लोकसभेवर निवडून गेलेले वसंत साठे तेव्हा केंद्रात माहिती आणि प्रसारण मंत्री होते. मेक्सिकोच्या दौऱ्यात त्यांना या मालिकांची माहिती मिळाली आणि दूरदर्शनवर असा प्रयोग करायचं ठरलं.

७ जुलै १९८४ ला 'हम लोग'चा पहिला भाग आला. लेखक मनोहर श्याम जोशी, दिग्दर्शक पी. कुमार वासुदेव. उत्तर भारतातलं एक मध्यमवर्गीय कुटुंब, दारू पिणारा बाप, मुकाट सोसणारी आई, स्वप्नं बघणारी मुलं. प्रत्येक भागाच्या शेवटी अभिनेते अशोक कुमार येऊन त्या दिवशीच्या गोष्टीवर दोन शब्द बोलायचे.

सुरुवातीच्या भागांत कुटुंब नियोजनाचा प्रचार इतका उघड होता की प्रेक्षक कंटाळले. मग प्रचार कमी करून गोष्ट पुढे आणली गेली आणि मालिकेने देश गाजवला. दीडशेहून जास्त भाग झाले. लोकांची पत्रं लाखोंच्या घरात गेली. कुणी बडकीला लग्नाचा निर्णय लवकर घे म्हणून कळवत होतं, तर कुणी आपल्या घरच्यांना समजवा म्हणून अशोक कुमारांना गळ घालत होतं.

कुणीही न ठरवता झालेला बदल

मेक्सिको आणि भारतात संदेश ठरवून दिला गेला होता. ब्राझीलमध्ये मात्र तसं काहीच नव्हतं, म्हणून तिथलं उदाहरण जास्त विचार करायला लावतं.

१९६० मध्ये ब्राझीलमध्ये एका बाईला सरासरी सहाहून जास्त मुलं होत. २००० पर्यंत हा आकडा अडीचच्या खाली आला. या काळात सरकारने लोकसंख्या नियंत्रणाचं धोरण राबवलं नव्हतं. पण 'रेजी ग्लोबो' ही वाहिनी १९६५ पासून एकेका भागात पोहोचत होती आणि तिच्या संध्याकाळच्या मालिका घराघरांत बघितल्या जात होत्या.

एलियाना ला फेरारा, अल्बर्टो चोंग आणि सुझान डुर्येआ या अर्थतज्ज्ञांनी ग्लोबो कोणत्या भागात कधी पोहोचली आणि तिथला जन्मदर कधी घटला, हे ताडून बघितलं. २०१२ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जिथे ग्लोबो दिसू लागली, तिथे जन्मदर कमी झाला होता आणि गरीब घरांतल्या बायकांमध्ये हा परिणाम जास्त होता.

असं का झालं असावं? संशोधकांनी ग्लोबोच्या ११५ मालिका तपासल्या. त्यांत पन्नाशीच्या आतल्या मुख्य स्त्री पात्रांपैकी ७२ टक्के पात्रांना मूलच नव्हतं आणि २१ टक्के पात्रांना एकच मूल होतं. 'मुलं कमी होऊ द्या' असं कुठलंही पात्र बजावत नव्हतं. छोटं, सुखी, सुस्थितीतलं कुटुंब रोज दिसत होतं, इतकंच. याच अभ्यासात आणखी एक मजेशीर गोष्ट सापडली. ग्लोबो दिसणाऱ्या भागांत आई-वडील मुलांना मालिकेतल्या पात्रांची नावं जास्त ठेवत होते.

गोव्यातल्या गावांत काय दिसलं?

रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर यांनी २००१ ते २००३ या काळात बिहार, दिल्ली, गोवा, हरियाणा आणि तमिळनाडूतल्या १८० गावांची पाहणी केली. यांतल्या काही गावांत नेमकी याच काळात केबल पोहोचली, त्यामुळे आधी आणि नंतर अशी तुलना करता आली.

केबल आलेल्या गावांत नवऱ्याने बायकोला मारणं योग्य आहे असं म्हणणाऱ्या महिला कमी झाल्या. मुलगाच हवा हा आग्रह घटला. घरातल्या निर्णयांत आपलं मत विचारलं जातं असं सांगणाऱ्या वाढल्या.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. यातले बरेच निष्कर्ष महिलांनी दिलेल्या उत्तरांवर आधारलेले आहेत. काय बोललं की बरं दिसतं, हे माणूस टीव्हीवरूनही शिकू शकतो. मत बदलणं आणि मार थांबणं यात अंतर आहे.

गणित फसतं तेव्हा

टीव्ही दाखवतो आणि लोक तसंच करतात, इतका हा हिशेब सरळ नाही.

'हम लोग'मधली आई भागवंती. सगळं मुकाट सोसलं की काय होतं, हे दाखवण्यासाठी ते पात्र लिहिलं होतं. थोडक्यात, असं वागू नका हा संदेश. पण अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स यांच्या अभ्यासात दिसलं की कितीतरी प्रेक्षकांना, त्यातही बायकांना, भागवंती हीच आदर्श वाटली. लेखकाने इशारा लिहिला आणि लोकांनी त्यात सोशिक आईचा गौरव बघितला.

दुसरं उदाहरण आकाशवाणीचं. १९९६-९७ मध्ये 'तिनका तिनका सुख' ही मालिका हिंदी पट्ट्यात ऐकली जात होती. ती ऐकून उत्तर प्रदेशातल्या लुत्सान गावात सुमारे १८० लोकांनी हुंडा घेणार नाही आणि देणार नाही, असं लिहून सह्या आणि अंगठे केले. पण संशोधक नंतर गावात गेले, तेव्हा चित्र इतकं सोपं नव्हतं. गावात चर्चा सुरू झाली होती, पण प्रत्यक्ष लग्न ठरवताना जुनीच बंधनं आड येत होती. बोलायला सुरुवात मालिकेने करून दिली, पुढचं काम गावालाच करायचं होतं.

मग परिणाम होतो तरी कसा?

या सगळ्या उदाहरणांतून तीन गोष्टी दिसतात.

पहिली, उपदेशापेक्षा सवय जास्त काम करते. एकच गोष्ट वर्षानुवर्षं दिसत राहिली की ती 'चालतं तसंच' वाटू लागते. अमेरिकन अभ्यासक जॉर्ज गर्बनर यांनी हेच हिंसेबाबत मांडलं. जास्त टीव्ही बघणाऱ्यांना जग प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा जास्त धोकादायक वाटतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

दुसरी, नातं. रोज ठरलेल्या वेळी घरात येणारं पात्र शेजारणीइतकं ओळखीचं होतं. बडकीला पत्र लिहिणाऱ्यांना ती खोटी आहे हे ठाऊक नव्हतं असं नाही. तरी जीव गुंतला होता.

तिसरी, आपली परिस्थिती. प्रेक्षक स्वतःच्या आयुष्याला जुळेल तेवढंच उचलतो. म्हणून भागवंतीचा अर्थ उलटा लागला आणि मारियाची शिलाई मशीन थेट घरात आली.

आता संदेश ठरवतं कोण?

'हम लोग'ला आणखी एक बाजू आहे. दूरदर्शनवरची ही पहिली प्रायोजित मालिका. प्रायोजक होती तेव्हा बाजारात नवी असलेली मॅगी. सरकारी प्रचाराचं गणित अर्धवट राहिलं, पण नूडल्सचं जमलं. मालिकेतून माल खपतो हे कंपन्यांना कळलं आणि पुढच्या मालिकांसाठी प्रायोजकांची रांग लागली.

तेव्हापासून मालिकेचं भवितव्य जाहिरातदार किती पैसे देणार यावर ठरतं आणि ते पैसे टीआरपीवर ठरतात. देशात टीव्ही असलेली घरं २० कोटींहून जास्त आहेत. 'बार्क' ही संस्था त्यांपैकी ५० हजारांहून जास्त घरांत मीटर बसवून कोण काय बघतं हे मोजते. ज्या कथानकाला आकडे मिळतात ते लांबतं, ज्याला मिळत नाहीत ते गुंडाळलं जातं. सून किती सोसणार आणि खलनायिका किती वर्षं जिंकत राहणार, यामागे बऱ्याचदा हा हिशेब असतो.

जाहिरातींनीही हेच तंत्र वापरलं. सावळी मुलगी, नाकारलं गेलेलं लग्न किंवा नोकरी, मग क्रीम आणि मग यश. ही गोष्ट 'फेअर अँड लव्हली'च्या जाहिरातींनी कित्येक वर्षं सांगितली. १९७५ मध्ये आलेल्या या क्रीमच्या नावातून 'फेअर' हा शब्द निघायला २०२० साल उजाडलं.

मराठीतही दोन्ही टोकं दिसतात. 'होणार सून मी ह्या घरची'मधल्या जान्हवीचं मंगळसूत्र सराफांच्या दुकानांत याच नावाने मागितलं जाऊ लागलं. तर २०१९ ते २०२४ चाललेल्या 'आई कुठे काय करते'मधली अरुंधती पंचवीस वर्षांच्या संसारानंतर नवऱ्यापासून वेगळी होऊन स्वतःच्या पायावर उभी राहिली. साबिडोंच्या भाषेत सांगायचं तर हे तिसऱ्या प्रकारचं पात्र. घटस्फोट, चाळिशीनंतरचं काम, दुसरं लग्न हे विषय त्या निमित्ताने संध्याकाळच्या वेळी सगळ्यांसमोर आले.

आपण काय करायचं?

मालिका बंद करणं हा यावरचा उपाय नाही. ब्राझीलमधल्या बायकांना आणि गोव्यातल्या गावांना टीव्हीतून काही चांगलंही मिळालं असण्याची शक्यता आहे. पण बघताना तीन प्रश्न विचारता येतात. या गोष्टीत कोणत्या वागण्याला बक्षीस मिळतंय? कोणतं वागणं इतक्या वेळा दिसतंय की त्याचं आता काही वाटेनासं झालंय? आणि हे दाखवून पैसे कोण कमावतंय?

हेच प्रश्न रील्सनाही लागू होतात. टीव्हीवर सगळ्या घराला निदान एकच मालिका दिसायची आणि तिच्यावर जेवताना वाद तरी व्हायचा. मोबाइलवर प्रत्येकाला वेगळं दिसतं. त्यामुळे शेजारी बसलेल्या माणसाला रोज काय दाखवलं जातंय, हे आता त्यालाच विचारावं लागतं.