ओमाहा पोकरचे ऑनलाइन पर्व : डावाची नोंद आणि रकमेची नोंद

पत्त्यांच्या खेळांचा इतिहास लिहिणाऱ्यास बहुधा बखरीसारख्या साधनांवर भिस्त ठेवावी लागते. कोणत्या रात्री कोणी किती जिंकले, याच्या हकीकती जिंकणाऱ्याच्या तोंडून निघतात, सांगोवांगीने वाढतात, आणि वीस-पंचवीस वर्षांनी छापल्या जातात तेव्हा त्यांतील आकडे सहसा दुणावलेले असतात. ओमाहा पोकरच्या उगमाची हकीकत याच जातीची होय. टेक्सास होल्डेम या खेळाचा हा चार पत्त्यांचा प्रकार रॉबर्ट टर्नर या खेळाडूने लास व्हेगासच्या गोल्डन नगेट कॅसिनोतील बिल बॉइड यांना दाखविला आणि १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तो तेथे ‘नगेट होल्डेम’ या नावाने सुरू झाला, असे सांगितले जाते. त्यापुढील पंधरा वर्षांचा खेळही मुख्यतः आठवणींतूनच कळतो. १ जानेवारी १९९८ रोजी ‘प्लॅनेट पोकर’ने खऱ्या पैशांचा डाव प्रथमच ऑनलाइन मांडला, तेव्हापासून ही स्थिती पालटू लागली. संगणकाने वाटलेला डाव लेखी स्वरूपात मागे उरू लागला. ओमाहाच्या बाबतीत ही गोष्ट होल्डेमपेक्षाही अधिक परिणामकारक का ठरली, हे कळण्यासाठी खेळाची रचना प्रथम पाहणे अवश्य आहे.

होल्डेममध्ये खेळाडूच्या हाती दोन पत्ते येतात, ओमाहात चार. टेबलावर सर्वांसाठी पाच पत्ते उघडे मांडले जातात, आणि अंतिम पाच पत्ते जुळविताना हातातील नेमके दोन व टेबलावरील नेमके तीन घ्यावेच लागतात. नवख्याची फसगत येथेच होते. टेबलावर चार इस्पिके आली आणि हाती इस्पिकचा एकटा एक्का असला, तर होल्डेममध्ये तो डाव बहुतेक जिंकल्यातच जमा असतो. ओमाहात मात्र हातात दुसरे इस्पिक नसल्यामुळे त्या एक्क्याचा त्या कामी काहीही उपयोग नाही. बावन्न पत्त्यांतून दोन पत्ते १,३२६ प्रकारांनी हाती येऊ शकतात, चार पत्ते २,७०,७२५ प्रकारांनी. चार पत्त्यांत दोन-दोनच्या सहा जोड्या दडलेल्या असतात, म्हणून प्रबळ हात वारंवार जमतात, आणि पहिले तीन पत्ते उघडल्यावर पुढे असलेला व मागे पडलेला यांच्या शक्यतांत पुष्कळदा थोडेच अंतर राहते. त्यातच हा खेळ बहुधा ‘पॉट लिमिट’ पद्धतीने खेळला जातो; म्हणजे पैज मध्यभागी जमलेल्या रकमेहून मोठी लावता येत नाही. ही मर्यादा ऐकताना सौम्य वाटते, पण एकाने पूर्ण रकमेची पैज लावली व दुसऱ्याने ती स्वीकारली की मधली रक्कम तिप्पट होते. अशा तीन फेऱ्यांत एकाचे सत्तावीस होतात.

प्रत्यक्ष टेबलावर हा हिशेब कंटाळवाणा होता. पत्ते वाटणाऱ्याने प्रत्येक मोठ्या पैजेपूर्वी मधली रक्कम मोजायची, खेळाडूंनी सहा-सहा जोड्या तपासायच्या, आणि तासाभरात तीसेक डावही जेमतेम व्हायचे. संगणकाने मोजणीचे काम क्षणात उरकले, तसेच नियमाची अंमलबजावणीही केली. एकट्या एक्क्यावर हक्क सांगण्याचा प्रश्नच उरला नाही. एकेका खेळाडूस एकाच वेळी अनेक टेबलांवर बसता येऊ लागले. २००३ साली ख्रिस मनीमेकर हा ऑनलाइन पात्रता-स्पर्धेतून आलेला हौशी खेळाडू ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’च्या मुख्य स्पर्धेत विजयी झाला आणि ऑनलाइन खेळात नवख्यांची रीघ लागली. ती लाट होल्डेमची होती. ओमाहा तिच्या मागून आला, आणि काही वर्षांतच सर्वांत मोठ्या रकमांच्या ऑनलाइन टेबलांवर त्याने होल्डेमशी बरोबरीचे स्थान मिळविले.

या टेबलांवरील डावांची नोंद, खेळाडूंच्या भाषेत ‘हँड हिस्टरी’, हे साधन मोठे विलक्षण आहे. प्रत्येक पैज, तिचा क्रम, रक्कम, उघडलेला प्रत्येक पत्ता तीत असतो. मात्र टाकून दिलेले पत्ते खेळाडूस मिळणाऱ्या नोंदीत येत नाहीत. स्वतःचे आणि अखेरीस दाखविले गेलेले तेवढेच पत्ते त्याला कळतात. एका डावावरून म्हणून काहीच सिद्ध होत नाही. हजारो डाव एकत्र केले तरच प्रतिस्पर्ध्याच्या सवयी दिसू लागतात, आणि जेथे हातांचे प्रकार लाखांत मोजावे लागतात त्या ओमाहात तर नोंदींच्या साठ्याचे मोल फारच वाढते.

२००९ च्या अखेरीस हे मोल उघड झाले. ‘इसिल्डर१’ या टोपणनावाचा एक अज्ञात खेळाडू ‘फुल टिल्ट’ या संस्थेच्या टेबलांवर ५०० व १,००० डॉलरच्या सक्तीच्या पैजा असलेला ओमाहा खेळू लागला. २१ नोव्हेंबर २००९ रोजी पॅट्रिक अँटोनियसने त्याच्याविरुद्धच्या एकाच डावात मध्यभागी जमलेली सुमारे १३ लाख ५६ हजार डॉलरची रक्कम जिंकली. पुढे ८ डिसेंबरच्या सुमारास ब्रायन हेस्टिंग्जने काही तासांच्या बैठकीत त्याच्याकडून सुमारे ४२ लाख डॉलर जिंकले. त्यानंतरच्या मुलाखतीत हेस्टिंग्जने सांगितले की, ब्रायन टाउनसेंड व कोल साउथ या दोन सहकाऱ्यांबरोबर प्रतिस्पर्ध्याच्या डावांचा अभ्यास झाला होता. परंतु स्वतः न खेळलेल्या डावांच्या नोंदी वापरण्यास संस्थेच्या नियमांनी मनाई होती. टाउनसेंडने नियमभंग मान्य केला व संस्थेचा अधिकृत खेळाडू म्हणून त्यास असलेला दर्जा महिनाभर स्थगित झाला. त्या वेळी सारी चर्चा लबाडी की अभ्यास, याच मुद्द्यावर रंगली. इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा निराळा आहे : डावाची नोंद कोणाची, खेळणाऱ्याची, पाहणाऱ्याची की टेबल मांडणाऱ्याची, हा वाद येथे ऐरणीवर आला. शिवाय नोंदीत नाव एकच दिसते. त्यामागे डोकी किती, हे ती सांगत नाही. ‘इसिल्डर१’ म्हणजे स्वीडनचा व्हिक्टर ब्लोम, हे जानेवारी २०११ मध्ये जाहीर झाले. तोवर त्याचे हजारो डाव अक्षरशः पाठ झालेले लोक होते, पण त्याचा चेहरा त्यांना ठाऊक नव्हता.

पत्त्यांची नोंद इतकी चोख होत असताना पैशांची नोंद कशी होती? १५ एप्रिल २०११ रोजी न्यूयॉर्कमधील संघराज्य सरकारच्या वकिलांनी पोकरस्टार्स, फुल टिल्ट व ॲब्सोल्यूट पोकर यांच्या चालकांवरील आरोपपत्रे उघड केली. त्याच वर्षी सप्टेंबरमधील सुधारित फिर्यादीत म्हटले होते की, ३१ मार्च २०११ रोजी फुल टिल्ट खेळाडूंचे सुमारे ३९ कोटी डॉलर देणे लागत होती आणि बँकेत सुमारे ६ कोटीच होते. त्याहून उद्बोधक तपशील असा की, २००६ च्या कायद्यानंतर बँकांचे मार्ग अडू लागले, तेव्हा खेळाडूंकडून प्रत्यक्षात वसूल न झालेल्या सुमारे १३ कोटी डॉलरच्या भरण्याही त्यांच्या खाती जमा दाखविल्या गेल्या. त्या काळातील काही डावांत पत्ते खरे, पैज खरी, जिंकणेही खरे. पण जिंकलेला डॉलर मुळात आलेलाच नव्हता. डावांच्या नोंदी कितीही बारकाईने चाळल्या तरी हे त्यांत सापडत नाही. जुलै २०१२ मध्ये पोकरस्टार्सने ७३ कोटी १० लाख डॉलरची तडजोड करून फुल टिल्टची मालमत्ता घेतली. अमेरिकेबाहेरील खेळाडूंना त्यानंतर पैसे मिळाले, अमेरिकेतील खेळाडूंना २०१४ पर्यंत थांबावे लागले.

नोंदींचा साठा न्यायालयातही पोहोचला. न्यूयॉर्कमधील एका पोकर-क्लबच्या खटल्यात बचाव पक्षाच्या तज्ज्ञाने पोकरस्टार्सवरील होल्डेमच्या ४१ कोटी ५० लाख डावांचे विश्लेषण सादर केले, आणि ऑगस्ट २०१२ मध्ये न्यायाधीश जॅक वाइनस्टाइन यांनी पोकरमध्ये कौशल्याचे प्राबल्य मान्य केले. २०१३ साली वरिष्ठ न्यायालयाने तो निर्णय फिरविला, तो विश्लेषण चुकीचे म्हणून नव्हे. संबंधित कायद्यास कौशल्याचा प्रश्नच लागू नाही म्हणून. भारतात हा भेद ‘मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला’ या १९५७ च्या निवाड्यापासून रूढ होता : जेथे यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून, ती स्पर्धा जुगार नव्हे. येथील ऑनलाइन पोकर कंपन्या, ओमाहाच्या टेबलांसह, याच आधारावर चालत. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने पैशांच्या खेळांस मनाई करताना कौशल्य व दैव हा भेद बाजूस ठेवला. कंपन्यांनी पैशांचे डाव थांबविले आणि खात्यांतील शिल्लक काढून घेता येईल, असे खेळाडूंना कळविले.