खांबावरचा दिवा

बारामती, इंदापूर शहरांत रस्त्यावरचे दिवे नगरपरिषदेचे, आपल्या गावात ग्रामपंचायतीचे. वीज मात्र दोन्हीकडे महावितरणची. जुन्या पिवळ्या सोडियम दिव्यांनी बिल फुगायचं. ५ जानेवारी २०१५ ला केंद्राने पथदिव्यांची राष्ट्रीय योजना आणली. ईईएसएल या सरकारी कंपनीने आधी स्वतःच्या पैशाने एलईडी बसवायचे, पालिकेने वाचलेल्या बिलातून ते हप्त्याने फेडायचे.

एलईडीने बिल घटतं, संपत नाही. २०२१ मध्ये थकबाकीपोटी महावितरणने राज्यातल्या अनेक गावांच्या पथदिव्यांची वीज तोडली. मग शासनाने पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून बिल भरायला मुभा दिली.

अंधार पडला की आधी बायकांचंच बाहेर पडणं थांबतं. म्हणून ग्रामसभेत विचारा: दिव्यांचं बिल भरलंय का?