रंधा उलटा करून बघा

मागच्या आठवड्यात माढ्याहून एका श्रोत्याचा मेसेज आला. सोबत फोटो. आजोबांची सुतारकामाची पेटी, आत पाच रंधे. "दादा, भंगारवाला किलोवर मागतोय. देऊन टाकू का?"

म्हटलं, थांब. आधी सगळे रंधे उलटे कर आणि तळाचे फोटो पाठव. रंध्याची ओळख त्याच्या तळाला असते.

रंधा म्हणजे ठोकळ्यात तिरकं बसवलेलं पातं. ते पाचरीनं घट्ट करायचं, तळातून केसभर बाहेर ठेवायचं आणि ढकलायचं. लाकडाचा पातळ पापुद्रा निघतो. शब्द आला फारसीतून. तिकडं 'रंदा' म्हणजे सुताराचा रंधाही आणि स्वयंपाकघरातली किसणीही! हत्यार तर त्याहून जुनं. इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पाँपेईतही रंधे सापडलेत.

आता पेटीतले पाच बघू.

पहिला सपाट तळाचा. फळी गुळगुळीत करणारा, सगळ्यांच्या ओळखीचा.

दुसऱ्याचं पातं तळाच्या पूर्ण रुंदीचं, दोन्ही कडांना भिडलेलं. त्यामुळं तो कोपऱ्यात शिरतो. बंद दार चौकटीच्या ज्या खाचेत टेकतं ना, ती खाच याची.

तिसऱ्याच्या तळाला लोखंडाची अरुंद पट्टी, बाजूला मागंपुढं सरकणारी फळी. हा खोबण पाडतो. जुन्या दारात चौकोनी दिलहे बसवलेले असतात, त्यांच्या कडा या खोबणीत अडकतात. बाजूची फळी कडेला टेकून चालते, म्हणून खोबण सरळ जाते.

चौथ्याचा तळ होडीसारखा. हा आतून वळलेल्या लाकडासाठी. कमान म्हणा, बैलगाडीच्या चाकाच्या घेराची आतली बाजू म्हणा.

आणि पाचवा! समोरून बघितलं तर तळ वेडावाकडा. एक फुगवटा, एक खळगा, एक पायरी. भंगारवाल्याला वाटलं झिजलाय. पण ही झीज नाही, हा साचा आहे. दाराच्या पट्टीवर जी नक्षी उठवायची, तिचाच उलटा आकार तळाला कोरलेला असतो.

इथं गोष्ट बदलते. त्र्यंबक नारायण आत्रे यांचं 'गावगाडा' 1915 साली आलं. त्यात बलुतेदारीचं सगळं जग आहे. सुतारानं शेतकऱ्याचा नांगर, कुळव, पाभर नीट ठेवायची आणि सुगीला धान्य घ्यायचं. या कामाला वाकस, करवत, पटाशी बहुतेक पुरायची. नांगराला नक्षी कशाला लागतेय? श्रोत्याच्या घरात आजोबांची आठवण एवढीच होती: "नांगर दुरुस्त करायचे." पाचवा रंधा मात्र सांगतोय, या माणसानं दारं घडवली.

मग हे रंधे गेले कुठं? अमेरिकेत 1880 च्या दशकातच स्टॅन्लीचा 45 नंबरचा लोखंडी रंधा आला. एकच सांगाडा, पाती बदलायची, की असे कितीतरी लाकडी रंधे बाजूला. पुढं वीज आली, मशिन आलं. आपल्याकडं प्लायवूड आणि तयार फ्लश डोअर आलं. सपाट दाराला ना दिलहे, ना नक्षी. काम संपलं, हत्यार पेटीत गेलं.

त्याला एक युक्ती सांगितली. घट्ट कणीक मळ, वर पातळ प्लास्टिक ठेव, त्यावर रंध्याचा तळ दाब. पातं मात्र आधी काढून ठेव! कणकेवर उठेल तो दाराच्या पट्टीचा आकार. त्याचा फोटो घे आणि गावातली जुनी दारं बघत फिर.

परवा त्याचा व्हॉइस मेसेज आला. "दादा, आत्याच्या घराचं दार. पट्टीवर रंधा ठेवला, तंतोतंत बसला. लहानपणापासून त्याच दारातनं ये-जा करतोय." थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "पेटी नाही विकत."

तसा आकार दुसऱ्या सुताराकडंही असू शकतो, हे त्याला सांगितलंय. पण निदान आता विचारायला एक प्रश्न आहे, आणि आत्या अजून उत्तर द्यायला आहे.

तुमच्या माळ्यावर अशी पेटी असेल तर पॉलिश पेपर मारू नका. आधी उलटी करून बघा. भेटू पुढच्या भागात!