अलार्म वाजलाच नाही

१४ ऑगस्ट २००३, गुरुवार. अमेरिकेची आठ राज्ये आणि कॅनडातला ऑन्टारिओ प्रांत मिळून सुमारे ५ कोटी लोकांची वीज त्या दुपारी गेली. वादळ आले नव्हते, हल्ला झाला नव्हता. उकाडा होता, पण ऑगस्टमध्ये तो असतोच. वाहिन्यांखाली बेसुमार वाढलेली झाडे हे कारण पुढे सर्वांच्या तोंडी झाले. दुसरे कारण ओहायो राज्यातल्या अॅक्रन शहरात, फर्स्टएनर्जी या वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षात होते. ग्रिडवर नजर ठेवणारे संगणक तिथे होते. त्या संगणकांवर नजर ठेवणारे कोणी नव्हते. पुढच्या सर्व वेळा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या आहेत.

दुपारी १२:१५
फर्स्टएनर्जीसह अनेक कंपन्यांच्या जाळ्यावर देखरेख करणारी मिसो ही संस्था शेजारच्या इंडियाना राज्यातून काम करते. तिच्या संगणकावर 'स्टेट एस्टिमेटर' नावाचा प्रोग्रॅम तेव्हा दर पाच मिनिटांनी चालायचा. ठिकठिकाणची मोजमापे जुळवून तो ग्रिडची त्या क्षणाची स्थिती मांडायचा. मग दुसरा प्रोग्रॅम 'आता अमुक वाहिनी गेली तर काय होईल' हे तपासायचा. त्या दुपारी इंडियानातली एक वाहिनी बंद पडली होती आणि प्रोग्रॅमला ते कळले नव्हते, त्यामुळे त्याचे उत्तर जुळेना. दोष शोधण्यासाठी अभियंत्याने आपोआप होणारी फेरी थांबवली. एकच्या सुमारास त्याने चूक दुरुस्त केली, प्रोग्रॅम हाताने चालवून पाहिला आणि तो जेवायला गेला. फेरी पुन्हा आपोआप सुरू करायची राहून गेली.

दुपारी १:३१
ईरी सरोवराच्या काठावरचा ईस्टलेक केंद्राचा पाच क्रमांकाचा संच बंद पडला. क्षमता ५९७ मेगावॅट. क्लीव्हलँड परिसराला लागणारी वीज आता बाहेरून, लांबच्या वाहिन्यांवरून येऊ लागली. संच बंद पडणे हे वीज खात्यात रोजचेच, त्याने ग्रिड पडत नाही.

दुपारी २:०२
दक्षिण ओहायोतली स्टुअर्ट-अटलांटा ही ३४५ केव्हीची (किलोव्होल्ट) वाहिनी ट्रिप झाली, म्हणजे आपोआप बंद पडली. ती दुसऱ्या कंपनीची होती आणि मिसोच्या हद्दीबाहेरची. मिसोच्या प्रोग्रॅमला तिची खबर नव्हती.

दुपारी २:१४
अॅक्रनमध्ये अलार्म यंत्रणा ठप्प झाली. जनरल इलेक्ट्रिकच्या एक्सए-२१ या प्रणालीचा हा भाग होता. एखादी वाहिनी गेली, व्होल्टेज घसरले की पडद्यावर ओळ उमटायची आणि आवाज व्हायचा. दोन्ही थांबले. बाकीची प्रणाली मात्र चालूच होती. मोजमापे येत होती, आकडे दिसत होते. अलार्मचा प्रोग्रॅम बंद पडला आहे हे सांगणारा अलार्म नव्हता.

ऑपरेटरांच्या कामाची सवय इथे लक्षात घ्यायला हवी. शेकडो उपकेंद्रांचे आकडे कोणी एकेक करून वाचत बसत नाही. अलार्म वाजला की त्या जागी पाहायचे, नाही वाजला तर सर्व ठीक. अनेक नियंत्रण कक्षांत भिंतभर नकाशा असतो आणि त्यावरचे दिवे बदलताना दिसतात. या कक्षात तोही नव्हता.

दुपारी २:२७ ते २:३२
स्टार-साउथ कॅन्टन ही ३४५ केव्हीची वाहिनी ट्रिप होऊन लगेच पुन्हा जोडली गेली. पाचच मिनिटांत शेजारच्या एईपी कंपनीचा फोन आला : तुमच्याकडे काही दिसले का? अॅक्रनच्या ऑपरेटरने पडदा पाहिला, काही नोंद नव्हती. नाही, असे त्याने सांगितले. एका यंत्राने नोंदवलेली घटना दुसऱ्या यंत्रात नाही, ही विसंगती तेव्हाच हाती आली होती. तिचा धागा कोणी ओढून पाहिला नाही.

दुपारी २:४० ते २:५४
मिसोमध्ये कोणाच्या तरी लक्षात आले की फेरी आपोआप होत नाही. ती सुरू केली, पण स्टुअर्ट-अटलांटा वाहिनी प्रोग्रॅमच्या लेखी अजून चालूच होती. उत्तर पुन्हा जुळेना.

२:४१ला अॅक्रनचा मुख्य सर्व्हर कोसळला. ठरल्याप्रमाणे सगळे काम राखीव सर्व्हरने उचलले, अलार्मचा अडकलेला प्रोग्रॅमही अडकलेल्याच अवस्थेत. तेरा मिनिटांनी, २:५४ला, तोही कोसळला. पडदे इतके मंदावले की एकेक चित्र ताजे व्हायला ५९ सेकंदांपर्यंत वेळ लागू लागला. संगणक विभागाच्या पेजरवर आपोआप संदेश गेले. नियंत्रण कक्षाला मात्र कोणी काही कळवले नाही.

दुपारी ३:०५
हार्डिंग-चेंबरलिन ही ३४५ केव्हीची वाहिनी झाडाला टेकून ट्रिप झाली. तेव्हा तिच्यावर क्षमतेच्या निम्माही भार नव्हता, जेमतेम ४४ टक्के. अॅक्रनमध्ये कोणाला कळले नाही.

दुपारी ३:०८
संगणक विभागाने मुख्य सर्व्हर पुन्हा चालू केला. त्यांच्या पडद्यानुसार सगळे प्रोग्रॅम चालू होते. 'तुमच्याकडे अलार्म येताहेत का?' एवढा एक प्रश्न नियंत्रण कक्षाला विचारला गेला नाही. प्रोग्रॅम चालू असणे आणि त्याने काम करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या चौतीस मिनिटांत, म्हणजे ३:४२पर्यंत, कोणाच्या ध्यानी आले नाही.

दुपारी ३:३२
हॅना-जुनिपर वाहिनी गेली. भार ८८ टक्के होता. तार तापून लोंबली आणि झाडाला लागली. जवळच फांद्या तोडणारी टोळी काम करत होती, तिने ठिणगी डोळ्यांनी पाहिली.

दुपारी ३:४१ ते ३:४६
स्टार-साउथ कॅन्टन आता कायमची गेली. भार खालच्या १३८ केव्हीच्या वाहिन्यांवर कोसळला आणि त्या एकामागून एक तुटू लागल्या. फोन थांबेनात. एईपी विचारत होती, मिसो विचारत होती, पेरी अणुवीज केंद्रातून व्होल्टेजच्या तक्रारी येत होत्या.

३:४२ला अॅक्रनच्या एका कर्मचाऱ्याने संगणक विभागाला सांगितले की लोक वाहिन्या गेल्याचे कळवताहेत आणि आमच्या पडद्यावर काहीच बदलत नाही. अलार्म बंद पडल्याला तोवर ८८ मिनिटे झाली होती.

३:४५ला फांद्या तोडणाऱ्या टोळीचा फोन आला, पण वाहिनीचे नाव चुकले. त्यांनी शेजारची ईस्टलेक-जुनिपर सांगितली. पडद्यावर त्या वाहिनीतून वीज वाहताना दिसत होती, त्यामुळे गोंधळ वाढला. प्रणाली पूर्ण बंद करून नव्याने सुरू करावी का, असे संगणक विभागाने विचारले. ग्रिडची अवस्था इतकी नाजूक असताना पडदे काळे करणे ऑपरेटरांना परवडणारे नव्हते. त्यांनी नको म्हटले.

दुपारी ४:०४
मिसोचा प्रोग्रॅम अखेर पूर्ववत, आपोआप चालू लागला.

दुपारी ४:०५:५७
सॅमिस-स्टार वाहिनी ट्रिप झाली. या वेळी झाड नव्हते. अतिभार आणि घसरलेले व्होल्टेज यांना संरक्षक रिलेने बिघाड समजून वाहिनी तोडली. पुढे नेमलेल्या चौकशी समितीच्या मते या क्षणाच्या आधी क्लीव्हलँड-अॅक्रन भागातला किमान १,५०० मेगावॅट भार मुद्दाम बंद केला असता, तर पुढचे टळू शकले असते. पण भारनियमन करण्याइतका धोका आहे हे ज्यांनी ठरवायचे, त्यांना तो दिसतच नव्हता.

दुपारी ४:१० ते ४:१३
४:१०:३८ला सुमारे ३,७०० मेगावॅटचा लोंढा उलट फिरला : पेनसिल्व्हेनियातून न्यूयॉर्क, ऑन्टारिओमार्गे मिशिगनकडे. जाळे तुकड्यांत फाटले. ४:१३पर्यंत २६५ वीज केंद्रांतले ५०८ संच बंद झाले होते आणि ६१,८०० मेगावॅटची मागणी अंधारात गेली होती. न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे जागीच थांबली. भारतात तेव्हा १५ ऑगस्टचे पावणेदोन वाजत होते.

त्यानंतर
पहिला संशय गेला तो त्याच आठवड्यात पसरलेल्या ब्लास्टर या विंडोजवरच्या संगणक-कृमीवर. अमेरिका आणि कॅनडाच्या संयुक्त चौकशीत त्याचा पुरावा मिळाला नाही. हजारो घटनांचा क्रम लावणे हेच एक मोठे काम होऊन बसले, कारण ठिकठिकाणच्या नोंदयंत्रांची घड्याळे एकमेकांशी जुळत नव्हती. सेकंदाच्या अंशाने कोणती घटना आधी, हे ठरल्याशिवाय कारण आणि परिणाम वेगळे करता येत नव्हते. उपग्रहाच्या वेळेशी जुळवलेली नोंदयंत्रे हवीत, ही शिफारस त्यातूनच आली.

अलार्मचा दोष शोधायला जनरल इलेक्ट्रिकच्या अभियंत्यांना आठवडे लागले. दोन प्रक्रिया माहितीच्या एकाच साठ्यावर एकाच क्षणी लिहू पाहत होत्या. एकाच खतावणीच्या एकाच ओळीवर दोन कारकुनांनी एकदम नोंद करावी तसे. साठा बिघडला आणि अलार्मचा प्रोग्रॅम न संपणाऱ्या फेऱ्यांत अडकला. ही गाठ पडण्याची फट काही मिलिसेकंदांची होती. प्रयोगशाळेत दोष सहजी उमटेना. प्रणालीचा वेग मुद्दाम कमी करून, तिच्यावर अलार्मचा मारा केला तेव्हा कुठे तो दिसला. त्याआधी ती प्रणाली जगभरात मिळून ३० लाख तास चालली होती आणि हा दोष एकदाही ओळखला गेला नव्हता.

म्हणून केवळ चाचणी कमी पडली असे म्हणणे अपुरे आहे. विकण्यापूर्वीची चाचणी प्रणाली काय करू शकते हे सांगते. एका उकाड्याच्या दुपारी, थकलेल्या सर्व्हरवर, अलार्मच्या गर्दीत ती काय करते हे प्रत्यक्ष वापरातच दिसते आणि ते पाहायला तिच्या बाहेरची नजर लागते. त्या दुपारी अशा नजरा होत्या : शेजारच्या कंपनीचा ऑपरेटर, अणुवीज केंद्रातले कर्मचारी, फांद्या तोडणारे मजूर. त्यांची माहिती पडद्याशी ताडून पाहिली गेली आणि बराच वेळ पडदाच खरा धरला गेला.

२००५च्या ऊर्जा कायद्याने अमेरिकेत ग्रिडच्या विश्वासार्हतेचे नियम सक्तीचे करण्याची वाट मोकळी केली. त्या नियमांत पुढे एका कलमाची भर पडली : अलार्मचा प्रोग्रॅम बंद पडल्यास ते ऑपरेटरला कळवणारी वेगळी यंत्रणा प्रत्येक नियंत्रण कक्षात असलीच पाहिजे. हे कलम लागू व्हायला २०१८ साल उजाडले.