रॉसचा डास आणि अर्धा मायक्रॉन

आजची गोष्ट 20 ऑगस्ट 1897 ची. जागा सिकंदराबाद, बेगमपेटचं लष्करी इस्पितळ. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला डॉक्टर रोनाल्ड रॉस डासाचं पोट फाडून मायक्रोस्कोपखाली बघत बसलाय. उकाडा मरणाचा, पण पंखा चालवायचा नाही, कारण वाऱ्यानं फाडलेले डास उडतात. घामानं मायक्रोस्कोपचे स्क्रू गंजलेत. शेवटचा उरलेला आयपीस, तोही तडकलेला.

हा डास चार दिवसांपूर्वी हुसेन खान नावाच्या मलेरियाच्या रुग्णाचं रक्त प्यायला होता. हुसेन खानला दर डासामागे एक आणा मिळाला. दहा डास, दहा आणे. (वैद्यकाच्या इतिहासातला हा सगळ्यात स्वस्त सौदा असावा असं माझं मत आहे.)

आता आपण सगळे मायक्रोस्कोप म्हटलं की पहिला प्रश्न काय विचारतो? "किती पॉवरचा?" हिशोब तर सोपाच आहे. ऑब्जेक्टिव्ह 100 पट, आयपीस 10 पट, म्हणजे 1000 पट. मग आयपीस 30 चा लावला की 3000 पट का नाही? लावा की, कोण अडवतंय! पण वर्तमानपत्रातला फोटो भिंगाखाली धरला की ठिपके मोठे होतात, चेहरा काही जास्त स्पष्ट होत नाही. इथंही तसंच.

याचं गणित 1873 साली येना शहरात एर्न्स्ट आबे यांनी मांडलं. ते कार्ल झाइस यांच्या कारखान्यात काम करत. त्याआधी भिंगं बरीचशी अंदाजानं, घासून-बघून जुळवली जायची. आबेंनी दाखवलं की बारकावे ठरतात ते ऑब्जेक्टिव्ह किती रुंद कोनातला प्रकाश गोळा करतो यावर. या क्षमतेला न्यूमेरिकल अपर्चर म्हणतात. दोन ठिपके वेगळे दिसण्यासाठी त्यांच्यात निदान प्रकाशाच्या तरंगलांबीला या आकड्याच्या दुपटीनं भागून येईल एवढं अंतर हवं. अपर्चर 1.25 असेल तर हे अंतर 0.22 मायक्रॉनच्या आसपास येतं. म्हणून हजार-बाराशे पटींच्या पुढे नुसतं मोठं होतं, नवीन काही दिसत नाही. भिंग आणि काच यांच्यामध्ये तेलाचा थेंब ठेवायची युक्ती झाइसनं 1878 च्या सुमारास बाजारात आणली, ती हा कोन वाढवण्यासाठीच.

पण हे फुकट मिळत नाही. त्याची किंमत खोलीत मोजावी लागते.

नरसाळं डोळ्यांसमोर आणा. ते जितकं पसरट, तितकं टोकापासून जरा वर सरकलं की तोंड भसकन रुंद होतं. प्रकाशाचंही तसंच. कोन रुंद केला की नेमक्या फोकसवरचा थर लखलखीत दिसतो आणि त्याच्या वरचं-खालचं सगळं लगेच पुसट होतं. किती लगेच? 10 पटींच्या साध्या ऑब्जेक्टिव्हला, अपर्चर 0.25, जवळजवळ 9 मायक्रॉन जाडीचा थर एकाच वेळी स्पष्ट दिसतो. 40 ला सव्वा मायक्रॉनच्या आसपास. 100 च्या तेलाच्या भिंगाला साधारण अर्धा. ही जाडी म्हणजेच डेप्थ ऑफ फील्ड. अपर्चर दुप्पट केलं की ती जवळपास चौपटीनं घटते. कंडेन्सरचा पडदा बंद करत गेलं तर खोली थोडी वाढते, चित्रही उठावदार होतं, पण बारकावे जातात. लॅबमधल्या माणसांना हे हातानंच कळलेलं असतं.

आता परत रॉसकडे. डासाच्या पोटाचं आवरण त्याच्यासमोर पसरलं होतं. त्यानं स्वतः त्याला फरसबंद अंगणाची उपमा दिलीय, आणि त्यातली एकेक फरशी तपासायची होती. दोन वर्षं हेच चाललेलं, तेही बहुतेक चुकीच्या जातीच्या डासांवर. त्या दिवशी त्याला एक गोल पेशी दिसली, 12 मायक्रॉन व्यासाची. शेजारच्या पेशींपेक्षा तिची कड जरा ठळक होती. गोल आकारावर समाधान मानून तो पुढे सरकला असता तरी चाललं असतं. डासाच्या पोटात काहीबाही गोल असू शकतं. त्यानं थांबून त्या एकाच पेशीवर काळजीपूर्वक फोकस जुळवला, आणि आत काळे बारीक कण दिसले.

अशी 12 मायक्रॉनची पेशी 100 च्या भिंगाखाली ठेवली तर तिच्यात एकावर एक असे वीसेक वेगवेगळे थर दिसतात. कण ज्या थरात आहेत तिथं फोकस गेला नाही तर तिथं नुसता राखाडी डाग. तुमचा मायक्रोस्कोप कितीही पटींचा असो, पेशी समोर असूनही कण दिसणार नाहीत. म्हणूनच मला वाटतं की शाळा-कॉलेजात पॉवरचा गुणाकार शिकवतात तितक्याच जोरात बारीक फोकसचा स्क्रू फिरवायला शिकवायला हवं. बरीच मुलं तो एकदा जुळवतात आणि मग हात मागे घेतात.

आणि ते काळे कणच का महत्त्वाचे? मलेरियाचा परजीवी रक्तातलं हिमोग्लोबिन खातो आणि हा काळा कचरा मागे ठेवतो. लावेरान यांनी 1880 मध्ये अल्जीरियात रुग्णांच्या रक्तात परजीवी ओळखले तेही या रंगद्रव्यावरूनच. डासाच्या स्वतःच्या पोटातल्या पेशींत ते असायचं काही कारण नव्हतं.

एका डासावरून काही सिद्ध होत नाही, हे रॉसला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी, 21 ऑगस्टला, त्यानं हुसेन खानवरचा शेवटचा उरलेला डास फाडला. तशाच पेशी, तेच काळे कण, पण पेशी कालच्यापेक्षा मोठ्या होत्या. रक्त प्यायल्याला एक दिवस जास्त झाला होता, आणि डासाच्या पोटात काहीतरी वाढत होतं.