मर रोगकारक कवकांचे अलगीकरण
तूर, कापूस इ. पिकांच्या रोगट मुळांतून मर रोगास कारणीभूत असलेले कवक (बुरशी) वेगळे काढून त्याच्या एकाच बीजुकापासून शुद्ध संवर्धन मिळविण्याची क्रिया. तुरीचे झाड ऐन फुलोऱ्यात वाळते, कारण कवकामुळे वाहिन्या तुंबून पाणी वर चढत नाही. परंतु वाळलेल्या मुळात मृत ऊतकांवर जगणारी इतर कवके व जंतूही शिरलेले असतात. त्यामुळे मुळावर जे दिसते तेच रोगाचे कारण, असा समज सहज होतो.

या समजाने मोठा घोटाळा केला. अमेरिकेत एर्विन एफ. स्मिथ यांनी १८९९ मध्ये कापूस, कलिंगड व चवळी यांच्या मर रोगाचे वर्णन करताना वाहिन्यांतील फ्युजेरियम आणि मृत मुळांवरील निओकॉस्मोस्पोरा व्हॅसइन्फेक्टा ही एकाच कवकाची दोन रूपे मानली. पुसा (बिहार) येथील कवकवैज्ञानिक ई. जे. बटलर यांनी तुरीच्या मर रोगावरील १९१० च्या प्रबंधात हे मत खोडून काढले. निओकॉस्मोस्पोरा केवळ मृतोपजीवी ठरले व खऱ्या रोगकारकास त्यांनी फ्युजेरियम उडम हे नाव दिले.

अलगीकरणासाठी मूळ वाहत्या पाण्यात धुऊन उभे चिरतात व तपकिरी आणि निरोगी भागांच्या सीमेवरील बारीक तुकडे घेतात. पूर्ण सडलेला भाग घेतल्यास उपऱ्या कवकांचीच वाढ होते. तुकडे ०·१% मर्क्युरिक क्लोराइडाच्या विद्रावात सुमारे एक मिनिट बुडवीत. हे संयुग अतिविषारी असल्याने आता सोडियम हायपोक्लोराइट वापरतात. निर्जंतुक पाण्याने धुतलेले तुकडे बटाटा-डेक्स्ट्रोज आगरावर २५°–२८° से. तापमानात ठेवतात. पुढे बीजुके पाण्यात विरल करून साध्या आगराच्या पातळ थरावर पसरतात व अंकुरलेले एकच बीजुक सूक्ष्मदर्शकाखाली उचलतात. या संवर्धनाने निरोगी रोपात रोग उत्पन्न होऊन त्यातून तेच कवक पुन्हा मिळाले, तरच दोष सिद्ध होतो. घाईच्या कामात हीच पायरी गाळली जाते.

मुंबई इलाख्यातील कापसाच्या मर रोगावर जी. एस. कुलकर्णी यांचा विस्तृत अभ्यास १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. शुद्ध संवर्धन मिसळलेल्या मातीत रोपे वाढवून प्रतिकारक झाडे निवडता येतात. खानदेशातील जरीला हा कापसाचा वाण मर रोगास प्रतिकारक होता.

शुद्ध संवर्धनाचा दुसरा उपयोग कवकनाशकांच्या परीक्षणात होतो, कारण मिश्र वाढीवर मात्रा ठरविता येत नाही. सांगवीपासून जवळच, पिंपरी येथील हिंदुस्थान अँटिबायोटिक्स (स्थापना १९५४) या कारखान्यात एम. जे. तिरुमलाचार व सहकाऱ्यांनी शोधलेले ऑरिओफंजिन (१९६४) हे प्रतिजैविक वनस्पतींच्या कवकजन्य रोगांवर वापरले गेले. मात्र जमिनीतून वाहिन्यांत शिरलेल्या कवकापर्यंत औषध पोहोचविणे अवघड व खर्चाचे असते. त्यामुळे तुरीच्या बाबतीत बदनापूर (जि. जालना) येथील बीएसएमआर-७३६ यासारख्या प्रतिकारक वाणांवरच मुख्य भिस्त राहिली. फ्युजेरियम उडमच्या प्रभेदांची रोगक्षमता सारखी नसते. म्हणून एका भागात टिकलेला वाण दुसरीकडे बळी पडू शकतो, आणि त्या त्या भागातील मुळांतून कवकाचे अलगीकरण नव्याने करावे लागते.